गाडी मिसिंग करतेय? कार्बोरेटरचा स्क्रू पिळण्याआधी हे तपासा

गाडी मिसिंग करायला, म्हणजे झटके मारायला लागली की सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारी म्हणतो प्लग बदला, मित्र म्हणतो पेट्रोलमध्ये पाणी असणार, आणि गॅरेजवरचा पोरगा काही न विचारता चपटा स्क्रू ड्रायव्हर काढून कार्बोरेटरचा (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) स्क्रू पिळायला लागतो. गाडी दोन दिवस बरी चालते, कारण त्याने स्लो (मूठ सोडल्यावरचा इंजिनचा वेग) वाढवून दिलेला असतो. मूळ दुखणं तसंच राहतं, वर कंपनीची सेटिंग गेली ती गेलीच.

हा लेख स्प्लेंडर, प्लॅटिना, सीटी हंड्रेड, स्टार सिटी, शाइन अशा १०० ते १२५ सीसीच्या, एका सिलिंडरच्या, कार्बोरेटरवाल्या गाड्यांसाठी आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांमध्ये कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्या गाड्यांसाठी खाली वेगळा तुकडा आहे. पण गावोगाव अजून कार्बोरेटरवाल्याच गाड्या भरपूर आहेत, आणि त्यांचं बरं आहे की थोडी शिस्त पाळली तर बिघाड घरच्या अंगणात सापडतो.

शिस्त म्हणजे दोनच गोष्टी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गाडी चालवून बघायची. आणि कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

लागणारं सामान

- प्लग पाना (गाडीच्या टूलकिटमध्ये असतो, नसेल तर विकत मिळतो)
- ८, १०, १२, १४ नंबरचे पाने, एक स्टार आणि एक चपटा स्क्रू ड्रायव्हर
- फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). टॅपेटचा (इंजिनचे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, दाबणाऱ्या भागाचा) आणि प्लगचा गॅप याशिवाय मोजता येत नाही. ‘अंदाजाने बरोबर आहे’ असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका
- तुमच्या गाडीच्या नंबरचा एक नवा प्लग
- पारदर्शक रिकामी बाटली आणि जुनं फडकं
- साधा मल्टिमीटर
- गाडीची माहितीपुस्तिका, मागच्या सर्व्हिसची बिलं आणि पीयूसीच्या जुन्या पावत्या

पावत्या कशाला, असं वाटेल. पीयूसीवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे छापलेले असतात. मागच्या वेळेपेक्षा कार्बन मोनॉक्साइड बराच वाढला असेल तर गाडी जास्त पेट्रोल खातेय. तो जागच्या जागी आहे पण हायड्रोकार्बन वाढलाय, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग. अर्थात सायलेन्सरमध्ये नळी घालून खरोखर तपासणी झाली असेल तरच हे आकडे कामाचे.

सुरू करण्याआधी: काम उघड्यावर करा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, त्या धुराला वास फारसा नसला तरी तो जीव घेतो. पेट्रोलची नळी काढलेली असताना जवळपास विडी, सिगारेट, देवघराचा दिवा काही नको.

## १. आधी प्रश्न, मग पाने

‘गाडी नीट चालत नाही’ यातून काहीच कळत नाही. कागदावर चार उत्तरं लिहून काढा.

इंजिन थंड असताना त्रास होतो की गरम झाल्यावर? स्लोवर होतो, अर्ध्या रेसवर होतो की पूर्ण मूठ पिळल्यावर? अचानक सुरू झाला की महिनाभर हळूहळू वाढत गेला? आणि त्याच्या आधी काय घडलं होतं: सर्व्हिसिंग, वेगळ्या पंपावरचं पेट्रोल, मुसळधार पाऊस, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणं, की दोन महिने गाडी उभी राहणं?

चौथ्या प्रश्नाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. सर्व्हिसिंगहून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी त्रास सुरू झाला तर आधी तिथे उघडलेल्याच गोष्टी बघायच्या: प्लग कॅप सैल, फिल्टरचं झाकण अर्धवट बसलेलं, एखादी नळी दबलेली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेमकं मिळवायला एक सोपी युक्ती आहे. एक्सलेटरच्या मुठीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर पेनाने बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. आता चालवताना झटका नेमका कुठे येतो ते दिसेल. कार्बोरेटरमध्ये मूठ बंद ते साधारण एक अष्टमांशपर्यंत स्लो जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) आणि त्याचा स्क्रू काम करतात. पाव ते पाऊण या टप्प्यात निडल, म्हणजे मुठीबरोबर वर-खाली होणारी सुई, आणि त्यापुढे मेन जेट. झटका एकाच टप्प्यात येत असेल तर संशय कार्बोरेटरवर. सगळ्या टप्प्यांत सारखाच येत असेल तर प्लग, कॉइल (ठिणगीसाठी करंट तयार करणारा भाग) किंवा पेट्रोलचा पुरवठा.

## २. फुकटात सापडणारे बिघाड

पेट्रोलचा कॉक चालू आहे का, रिझर्व्हला लागली आहे का, चोक अर्धवट ओढलेला राहिलाय का, किल स्विच असेल तर तो बरोबर आहे का. हसू नका. चोक ओढलेला राहिला आणि ‘ॲव्हरेज पडलंय’ म्हणून इंजिन उघडायला निघालेले लोक असतात.

यानंतर टाकीचं झाकण. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं की पेट्रोल खाली उतरताना टाकीत पोकळी तयार होते आणि पुरवठा अडतो. लक्षण अगदी ठरलेलं: गाडी दहा-पंधरा मिनिटं छान चालते, मग दम टाकते, बंद पडते. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. अशी बंद पडली की लगेच झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर चोर सापडला.

मग पेट्रोलचा प्रवाह. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा आणि कॉक चालू करा. धार सलग पडली पाहिजे. थेंब-थेंब येत असेल तर कॉकची जाळी किंवा मधला फिल्टर तुंबलाय. काही गाड्यांचे कॉक इंजिनच्या ओढीवर उघडतात, त्यांतून इंजिन बंद असताना पेट्रोल येणार नाही. तो बिघाड समजू नका.

बाटली तशीच दहा मिनिटं ठेवून द्या. तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर पाणी आहे. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉल थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाण्यासकट इथेनॉलच खाली बसतं. त्यामुळे पावसाळ्यात दोन-तीन महिने अर्ध्या टाकीवर उभी राहिलेली गाडी चालू करण्याआधी कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा ड्रेन स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल काढून टाका. टाकीच्या तळाला पाणी असेल तर टाकीही रिकामी करावी लागेल. वर नवीन पेट्रोल भरून ते ‘पातळ’ होत नाही. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि ओ-रिंगही अशा पेट्रोलने लवकर कडक पडतात किंवा फुगतात, तेही एकदा बोटाने चाचपून बघा.

## ३. चोकची परीक्षा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं.

गाडी नीट गरम करा. त्रास होत असतानाच चोक थोडा, अर्ध्यापर्यंत ओढा. चोक हवा कमी करतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. आता बघा:

- गाडी सुधारली: पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. तुंबलेला जेट, अर्धवट बंद कॉक, मॅनिफोल्डचं (कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या जोडाचं) चिरलेलं रबर.
- आणखी बिघडली, घरघरली, काळा धूर टाकला: पेट्रोल आधीच जास्त आहे. तुंबलेला एअर फिल्टर, ओव्हरफ्लो होणारा फ्लोट (कार्बोरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग), नीट न बसणारा चोक.
- काहीच फरक नाही: बहुधा दुखणं मिश्रणाचं नाही. प्लग, करंट, टॅपेटकडे वळा.

ही परीक्षा केल्याशिवाय कोणी स्क्रूला हात लावला तर त्याला थांबवा.

## ४. प्लग वाचणे

प्लग काढण्याआधी आजूबाजूची माती फुंकून किंवा ब्रशने साफ करा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. इंजिन गार असताना काढा. ॲल्युमिनिअमच्या हेडचे आटे गरम असताना नाजूक असतात.

खरा रंग बघायचा असेल तर गाडी आठ-दहा किलोमीटर एकसारख्या वेगाने चालवा, मग क्लच दाबून इंजिन बंद करा, गाडी बाजूला घ्या आणि गार झाल्यावर प्लग काढा. घरी दहा मिनिटं स्लोवर ठेवून काढलेला प्लग नेहमी काळाच दिसतो आणि फसवतो.

फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक. कोरडी, मऊ, बोटाला लागणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. काळा आणि तेलकट चिकट म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्हची सील. पांढरा फटक, टोक भाजल्यासारखं असेल तर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे किंवा प्लगचा नंबर चुकीचा. अशी गाडी लांब पल्ल्याला पळवू नका. पिस्टन त्यातच जातो. आणि पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचतंय पण जळत नाही, पुढच्या पायरीवर जा.

शहरात तीस-चाळीसच्या वेगाने, सिग्नलला थांबत चालणाऱ्या गाडीचा प्लग थोडा काळसर असणारच. त्यावरून घाबरून मिश्रण पातळ करू नका.

गॅप फिलर गेजने मोजा. स्प्लेंडरला ०.८ ते ०.९ मिलिमीटर. इतरांचा आकडा माहितीपुस्तिकेत मिळेल. प्लग पॉलिश पेपरने घासायची सवय सोडा, त्याचे कण चिनी मातीच्या फटीत अडकतात. पितळी ब्रश पुरे.

परत बसवताना आधी पाना न लावता हाताने फिरवा. हाताने पूर्ण आत गेला तरच पाना लावायचा. नवा प्लग वॉशर टेकल्यावर अर्धा फेरा, जुना पाव फेऱ्याच्या आत. आटे गेले तर हेड काढून लेथवाल्याकडे न्यावं लागतं, आणि सत्तर-ऐंशी रुपयांच्या कामाचे हजार होतात. दुकानदाराने ‘हा पण बसतो’ म्हणून लांब आट्यांचा प्लग दिला तर घेऊ नका, तो पिस्टनला भिडू शकतो.

## ५. करंट येतोय का

प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. हाताने प्लगचा धातू धरू नका, झटका चांगलाच बसतो. सावलीत बघा. निळी, ‘टक्’ असा आवाज करणारी ठिणगी हवी. बारीक, पिवळट, मधूनच गायब होणारी असेल तर करंट कमजोर.

कमजोर करंटमध्ये पहिला संशय प्लग कॅपवर. कॅप काढून मल्टिमीटरने दोन्ही टोकांमधला रोध मोजा. रेझिस्टर असलेल्या कॅपमध्ये साधारण ५ किलो-ओम यायला हवेत. त्याच्या कितीतरी पट आले किंवा काहीच दाखवलं नाही तर कॅप गेली. कॅप वायरमध्ये स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असेल तर वायरचं काळं पडलेलं पाच-सहा मिलिमीटर टोक कापा आणि नव्याने बसवा. शंभर रुपयांच्या आतलं हे काम, पण यासाठी लोक आख्खी कॉइल बदलतात.

पावसाळ्यात मिसिंग होत असेल तर रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून कॅप आणि वायरीवर पाण्याचा हलका फवारा मारा. करंट गळत असेल तर वायरीवरून इंजिनकडे निळे धागे पळताना डोळ्यांनी दिसतात. हात लांब ठेवा.

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी हे वेगळं प्रकरण आहे आणि यात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. कॉइल, पिकअप कॉइल किंवा सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारे विजेचे भाग) गरम झाल्यावर काम सोडतात आणि गार झाल्यावर शहाण्यासारखे वागतात. गॅरेजपर्यंत ढकलत नेता नेता गाडी गार होते आणि मेकॅनिक म्हणतो, ‘चालतेय की!’ म्हणून प्लग पाना आणि जादाचा प्लग गाडीबरोबर ठेवा. बंद पडली की तिथेच, त्याच क्षणी करंट बघा. करंट नसेल तर दोष विजेच्या बाजूला. करंट चांगला असेल तर पेट्रोलचं झाकण (पायरी २) किंवा घट्ट टॅपेट (पायरी ७). त्या एका मिनिटात जे कळतं ते नंतर तीन गॅरेज फिरून कळत नाही.

बॅटरीबद्दल: जुन्या अनेक १०० सीसी गाड्यांमध्ये सीडीआयला वीज थेट मॅग्नेटकडून (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाकडून) मिळते, बॅटरी मेली तरी गाडी किकवर चालते. डीसी सीडीआय असलेल्या गाड्यांना मात्र बॅटरी लागते, आणि ती खाली गेली की आधी मिसिंग होतं, मग गाडी बंद. तुमची कुठली आहे ते पुस्तिकेत बघा.

## ६. हवा: कमी आणि जास्त

कमी हवा म्हणजे तुंबलेला फिल्टर. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुऊन, हाताने दाबून (पिरगाळून नव्हे), पूर्ण वाळवून, इंजिन ऑइलचा हलका हात देऊन बसवा. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. आणि तेल लावलेला कागदी फिल्टर येत असेल तर त्याला हवा मारूनही साफ करता येत नाही, मुदत झाली की बदलायचाच. उसाच्या हंगामात मातीच्या गाडीवाटांवरून रोज जाणाऱ्याने पुस्तिकेतल्या किलोमीटरची वाट बघू नये.

फिल्टर काढून ‘मोकळी’ गाडी चालवून बघणं चांगलं नाही. धूळ थेट बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आत जाते, शिवाय मिश्रण पातळ होतं आणि तपासणीच चुकते.

जास्त हवा शिरते ती कार्बोरेटर आणि हेडच्या मधून. तिथलं रबर चिरतं, ओ-रिंग कडक होते, नाहीतर एक बोल्ट सैल असतो. लक्षण: मूठ सोडली तरी रेस लगेच खाली येत नाही, लटकून राहते, स्लो कधी वर कधी खाली. तपासायला स्लोवर त्या जोडावर साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनचा आवाज बदलला तर तिथूनच हवा जातेय. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात. शेजारी तापलेला सायलेन्सर असताना हा आगीशी खेळ आहे.

मूठ सोडल्यावर सायलेन्सरमधून ‘फट् फट्’ होत असेल तर सायलेन्सर हेडला जोडतो तिथलं गॅस्केट आधी बघा.

घाटावरच्या लोकांसाठी एक सूचना. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे कोकणात नीट चालणारी गाडी वर थोडी जड वाटणारच. तो बिघाड नाही. तिथे थांबून मिश्रण पातळ करून घेतलं तर पोलादपूर-महाडला उतरल्यावर तीच गाडी भलतीच पातळ चालते आणि तापते.

## ७. टॅपेट आणि दाब

सकाळी चांगली चालू होणारी, पण गरम झाल्यावर स्लो न धरणारी आणि किकला त्रास देणारी गाडी असेल, तर टॅपेट घट्ट असण्याची शक्यता मोठी. सैल टॅपेट ‘टिक टिक’ करून ओरडतात म्हणून लोक ते आवळून घेतात. घट्ट टॅपेट गप्प असतात. गाडी गप्प झाली म्हणून मालक खूश, आणि आत व्हॉल्व्ह पूर्ण बंद न झाल्याने जळत राहतो. थोडासा आवाज असू द्या.

टॅपेट फक्त पूर्ण थंड इंजिनवर मोजायचे, शक्यतो सकाळी. मॅग्नेटच्या बाजूच्या कव्हरवरची आणि हेडवरची टॅपेटची झाकणं काढा, प्लग काढा, टॉप गिअर टाकून मागचं चाक पुढच्या दिशेने हळू फिरवा आणि मॅग्नेटवरची ‘टी’ची खूण कव्हरवरच्या खुणेशी जुळवा. आता दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) हाताने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर चुकीचा फेरा आहे, इंजिन आणखी एक पूर्ण फेरा फिरवून खूण पुन्हा जुळवा. हा फेरा न तपासता केलेली टॅपेट सेटिंग हमखास चुकते. या वर्गातल्या इंजिनांचं अंतर ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या घरात असतं. तुमचा नेमका आकडा पुस्तिकेतून घ्या. गेजची पट्टी किंचित अडकत सरकली पाहिजे. लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना अंतर बदलतं.

टॅपेट बरोबर असूनही ओढ नसेल तर दाब. किकचा विरोध पूर्वीपेक्षा मऊ लागतोय का? गॅरेजवर कॉम्प्रेशन गेज असेल तर मूठ पूर्ण उघडी ठेवून मोजून घ्या, मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला तर रिंगा आणि बोअर झिजलेत. नाही वाढला तर व्हॉल्व्ह. ‘हाफ इंजिन करावं लागेल’ असं ऐकल्यावर ही दोन मोजमापं मागा. न मोजता इंजिन खोलायला देऊ नका.

धुराचंही बघून घ्या. काळा म्हणजे जास्त पेट्रोल. निळसर म्हणजे ऑइल: रेस देताना येत असेल तर रिंगा, सकाळी चालू करताना किंवा उतारावर मूठ सोडून पुन्हा पिळल्यावर भपकन येत असेल तर व्हॉल्व्ह सील. डिसेंबरच्या सकाळी येणारी पांढरी वाफ ही वाफच असते.

## ८. आता कार्बोरेटर

इथवर काही सापडलं नाही, किंवा चोकच्या परीक्षेने इकडेच बोट दाखवलं, तर उघडा.

मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याआधी सध्याची जागा नोंदवा: हळूच आत फिरवत किती फेऱ्यांत टेकतो ते मोजून कागदावर लिहा. टेकल्यावर आवळू नका, टोक तुटून आत राहतं. मग तो स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते बघा. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की जाड, म्हणजे पेट्रोल जास्त. हा फरक माहीत नसल्यामुळे उलट दिशेने सेटिंग होते.

वाटी उघडल्यावर तळाचा गाळ पुसा, जेट काढून कार्ब क्लीनर मारा आणि उजेडाकडे धरून आरपार दिसतं का बघा. जेटमध्ये तार, सुई, टाचणी घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक किंचित मोठं झालं तरी ॲव्हरेज कायमचं गेलं. उभी राहिलेल्या गाडीत आधी तुंबतो तो स्लो जेट. म्हणून ती चोकवर चालते, चोक काढला की मरते.

ओव्हरफ्लो होत असेल तर फ्लोटची निडल बघा, टोकावर गोल चर पडलेला असेल तर बदला. फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोलचा आवाज येतो का ऐका. मुख्य निडलची क्लिप कितव्या खाचेत आहे ते लिहून ठेवा. क्लिप खालच्या खाचेत घातली की निडल वर उचलली जाते आणि मिश्रण जाड होतं. काही १२५-१५० सीसी गाड्यांच्या कार्बोरेटरमध्ये वर रबरी पडदा असतो. तो उजेडात धरून बारीक भोक शोधा. फाटला असेल तर गाडी अर्ध्या रेसच्या पुढे ओढतच नाही. त्या पडद्याला कार्ब क्लीनर लागू देऊ नका, रबर फुगतं.

जोडल्यावर सेटिंग गरम इंजिनवर. मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवत इंजिन सर्वांत जास्त वेगाने चालेल ती जागा शोधा, मग स्लोच्या स्क्रूने वेग खाली आणा. स्प्लेंडरसारख्या गाडीला मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास. ‘सिग्नलला बंद पडायला नको’ म्हणून यापेक्षा वाढवून घेऊ नका.

## इंजिनचा दोष नसतोच तेव्हा

रेस वाढते पण वेग वाढत नाही: क्लच प्लेटा. गाडी ढकलताना जड लागते, चाकाचा ड्रम तापतो: ब्रेक धरतोय. चेन तारेसारखी ताणलेली, टायरमध्ये हवा कमी. दहा मिनिटांत सगळं बघून होतं, आणि ‘पिकअप गेलं’ अशा तक्रारीत हे नेहमी निघतं.

## इंजेक्शनवाल्या गाड्यांसाठी

इथे स्क्रू पिळायला काही नाही, आणि ते बरंच आहे. चावी फिरवल्यावर टाकीकडून दोन-तीन सेकंद पंपाची बारीक घरघर ऐकू यायला हवी. इंजिनचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लुकलुकत असेल तर लुकलुक मोजून लिहा. होंडा पद्धतीच्या गाड्यांमध्ये लांब लुकलुक दहाची आणि छोटी एकाची धरतात. हा आकडा सांगितला तर सर्व्हिस सेंटरला अर्धं काम मिळतं.

बॅटरी आधी तपासा, इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या वर हवी. कनेक्टरवर पाण्याचा जोरदार फवारा नको. सतत रिझर्व्हवर चालवू नका, टाकीतला पंप पेट्रोलमध्येच गार राहतो. बाकी प्लग, फिल्टर, टॅपेट, झाकण या पायऱ्या तशाच लागू.

## गॅरेजवर देताना

घरी जमलं नाही तर कागद घेऊन जा. ‘मिसिंग करते’ एवढंच सांगू नका. असं सांगा: ‘गरम झाल्यावर, पाव रेसला झटके येतात, अर्धा चोक ओढला की बरी चालते, प्लग पांढरा आहे, टॅपेट सकाळी मोजलेत.’ चांगला मेकॅनिक यावर खूश होतो आणि थेट कामाला लागतो. वैतागला तर दुसरा बघा.

वॉरंटीत असेल तर स्वतः कार्बोरेटर किंवा सील केलेला भाग उघडू नका, आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवा आणि जॉब कार्डवर तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. बदललेले जुने भाग परत मागा. स्क्रूचे फेरे, निडलची खाच, टॅपेटचं अंतर हे आकडे बिलाच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी सुरुवात तिथून करायची.